बार किती वाजता बंद व्हावा? एका प्रश्नात लपलेली चार घड्याळे

एखादा बार किंवा क्लब ‘पहाटे तीनला बंद होतो’ असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात त्या तीनमध्ये निदान चार वेगवेगळ्या वेळा दडलेल्या असतात आणि कायदा त्यांतल्या नेमक्या कोणत्या वेळेला हात घालतो यावर त्याचा परिणाम पुष्कळ अंशी ठरतो. पहिली वेळ नव्या गिऱ्हाइकाला आत घेणे थांबवण्याची. ऑस्ट्रेलियात हिला ‘लॉकआऊट’ म्हणतात. जे आत आहेत त्यांनी बसावे, पण एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा प्रवेश नाही, असा तिचा अर्थ. दुसरी वेळ शेवटच्या ऑर्डरची, जिच्यानंतर काउंटरवरून दारू मिळत नाही. तिसरी, हातातला पेला संपवून उठण्यासाठी दिलेल्या मुदतीची. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ही मुदत शेवटी शेवटी २० मिनिटांची होती. चौथी, दाराला कुलूप लागण्याची. याखेरीज ध्वनिवर्धक कधी बंद करायचा, पदपथावरच्या खुर्च्या कधी आत घ्यायच्या, बाटलीबंद दारूच्या दुकानाने विक्री कधी थांबवायची, या वेळा वेगळ्याच, आणि त्या बहुधा परवान्याच्या अटींत बारीक अक्षरांत लिहिलेल्या असतात. जाहीर वाद मात्र एकाच आकड्याभोवती फिरतो: एक, तीन की पाच.

हा आकडा ज्या क्षणी लागू होतो तो क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. छतावरचे पांढरे दिवे एकदम पेटतात, संगीत तुटते, टेबलांवरचे पेले ट्रेमध्ये गोळा होऊ लागतात आणि काही मिनिटांत तीन-चारशे माणसे एका अरुंद दारातून एकाच पदपथावर येतात. कुणाला कोट सापडत नाही, कुणाचा मित्र आतच राहिलेला असतो, टॅक्सी एक आणि हात दाखवणारे दहा. तेवढ्यात शेजारच्या क्लबचेही दिवे पेटलेले असतात, कारण त्याच्याही परवान्यावर तीनच लिहिलेले असते. आत असताना या माणसांना सांभाळायला बाउन्सर होते, व्यवस्थापक होता, काउंटरमागून ‘आता पुरे’ म्हणणारा माणूस होता. रस्त्यावर यांपैकी कुणाचाच अधिकार चालत नाही. रात्रीच्या हाणामाऱ्यांचा मोठा हिस्सा याच अर्ध्या-पाऊण तासात आणि दारांसमोरच्या, टॅक्सीच्या रांगांजवळच्या मोजक्या जागांवर घडतो, ही गोष्ट निरनिराळ्या देशांतल्या पोलिसांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

शरीराचा हिशेबही याच वेळेला अंगावर येतो. यकृत तासाला साधारण एका प्रमाणित पेयाइतकीच दारू निकामी करू शकते. त्यामुळे तासाला दोन पेये घेत सहा तास बसलेल्या माणसाच्या रक्तात सहाव्या तासाला जवळपास सहा पेयांचा साठा शिल्लक असतो. शिवाय पोटात गेलेली दारू रक्तात पूर्ण उतरायला अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत वेळ लागतो. शेवटच्या ऑर्डरला घाईघाईने रिचवलेले दोन पेले आपला खरा अंमल दाखवतात तेव्हा माणूस बाहेर रस्त्यावर उभा असतो. म्हणजे दार बंद होण्याची वेळ ही गर्दी सर्वांत दाट असण्याची, देखरेख सर्वांत पातळ असण्याची आणि नशा चढतीवर असण्याची वेळ ठरते. बंद होण्याच्या वेळेविषयीचा प्रत्येक कायदा या तिहेरी योगाशी झुंजत असतो, मग त्याच्या प्रस्तावनेत नीतिमत्ता लिहिलेली असो, आरोग्य असो वा अर्थव्यवस्था.

हे कायदे आजच्या रूपात आले ते बरेचसे पहिल्या महायुद्धामुळे. त्याआधी लंडनचे पब पहाटे उघडत आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर बंद होत. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले. दारूगोळ्याच्या कारखान्यातला कामगार सकाळी शुद्धीत कामावर यायला हवा, या गरजेपोटी सरकारने पबच्या वेळांवर कात्री चालवली आणि दुपारी मधले काही तासही ते बंद ठेवायला लावले. युद्ध १९१८ मध्ये संपले, पण दुपारची बंदी इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकली. आणीबाणीत आलेला नियम आणीबाणी सरल्यावर जायचे विसरतो, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याच काळात ऑस्ट्रेलियाने आणखी पुढची मजल मारली. दारूबंदीवादी चळवळीचा जोर आणि युद्धकाळातील काटकसर यांच्या संगनमताने साउथ ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि टास्मानिया या राज्यांत १९१६ मध्ये बार संध्याकाळी ६ वाजता बंद करण्याचा नियम आला. न्यूझीलंडने १९१७ च्या अखेरीस तो उचलला. माणूस कामावरून सुटून सरळ बायकापोरांकडे घरी जाईल, अशी कल्पना होती. घडले ते असे: कारखाने आणि कचेऱ्या पाचला सुटत, म्हणून पाच ते सहा हा एक तास पिण्याचा तास झाला. बारमालकांनी खुर्च्या, टेबले, गालिचे काढून टाकले, कारण उभ्याने जास्त माणसे मावत, काउंटर लांबवले, भिंतींना फरश्या बसवल्या, म्हणजे सहानंतर पाण्याच्या नळीने सगळे धुऊन काढता येई. एकेक पेला नळाखाली धरायला वेळ पुरेना, तेव्हा बारमन रबरी नळीला जोडलेली तोटी हातात घेऊन काउंटरवर ओळीने पुढे केलेले पेले भरत जाऊ लागले. सहाच्या ठोक्याला ही सगळी गर्दी एकदम रस्त्यावर येई. लोकांनी या प्रकाराला जे नाव दिले त्यात डुकरांना घालायच्या पातळ खाद्याचा शब्द होता, यावरून त्याची प्रतिष्ठा ओळखावी. तरीही न्यू साउथ वेल्समध्ये हा नियम १९५५ पर्यंत, व्हिक्टोरियात १९६६ पर्यंत आणि साउथ ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये १९६७ पर्यंत चालला.

या गोष्टीवरून ‘निर्बंध घातला की उलटेच होते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि रात्रजीवनाचे समर्थक तो हमखास काढतात. तो पुराव्याला धरून नाही. संध्याकाळी सहाची मर्यादा आणि पहाटे तीनची मर्यादा या एकाच जातीच्या वस्तू नव्हेत. पहिलीत दिवसभराचे पिणे एका तासात कोंबले जाते. दुसरीत आधीच सात-आठ तास लांबलेल्या पिण्याचे शेपूट छाटले जाते. दुसऱ्या प्रकाराविषयी बऱ्यापैकी भरवशाचा अभ्यास उपलब्ध आहे. नॉर्वेत दारू देण्याची वेळ ठरवण्याचा अधिकार राष्ट्रीय मर्यादेच्या आत नगरपालिकांना आहे, त्यामुळे शहराशहरांत वेळा कधी थोड्या पुढे तर कधी थोड्या मागे सरकल्या. अशा १८ शहरांतल्या पोलिसांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की वेळ एका तासाने वाढली तर शनिवार-रविवारच्या रात्री मध्यवस्तीतले हल्ले सुमारे १६ टक्क्यांनी वाढतात आणि एका तासाने घटली तर जवळपास तेवढेच कमी होतात. दोन्ही दिशांनी सारखाच परिणाम दिसणे हे या निष्कर्षाचे बळ आहे. योगायोग सहसा इतका शिस्तीत वागत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल या बंदराच्या शहरात २००८ मध्ये १४ पब आणि क्लबांची वेळ पहाटे ५ वरून आधी ३ आणि नंतर साडेतीनवर आणली गेली, शिवाय रात्री एक-दीडनंतर नव्याने आत जाण्यावर बंदी आली. जिथे नियम बदलला नव्हता अशा शेजारच्या हॅमिल्टन या भागाशी तुलना करता न्यूकॅसलमधल्या रात्रीच्या हल्ल्यांत ३७ टक्क्यांची घट आढळली. ब्राझीलमधल्या दियादेमा शहराचे उदाहरणही नेहमी दिले जाते: तिथे चोवीस तास चालणारे बार २००२ मध्ये रात्री ११ ला बंद करायला लावले, आणि पुढच्या काळात महिन्याला सुमारे ९ खून कमी झाले, असा अंदाज संशोधकांनी २००७ मध्ये मांडला. पण त्याच वर्षांत त्या संपूर्ण राज्यातलीच खुनांची संख्या उतरत होती, तेव्हा सगळे श्रेय बारच्या कुलपाला देताना हात थोडा आखडता घेतलेला बरा.

उलट बाजूचा सर्वांत मोठा प्रयोग इंग्लंड आणि वेल्सने केला. तिथे पब ११ ला बंद होत. शेवटची ऑर्डर जवळ आल्याची घंटा वाजली की गिऱ्हाइके दोन-दोन पेले मागवून घेत आणि ११ नंतर सगळे गाव एकदम रस्त्यावर. सरकारचा युक्तिवाद असा होता, की प्रत्येक जागेला हवी ती वेळ मागू द्या, म्हणजे दारे वेगवेगळ्या वेळी बंद होतील आणि गर्दी पांगेल. २००३ चा कायदा २४ नोव्हेंबर २००५ पासून लागू झाला. वृत्तपत्रांनी ‘चोवीस तास दारू’ असे मथळे दिले. प्रत्यक्षात बहुसंख्य पबनी फार तर एखादा तास वाढवून घेतला. एकूण हिंसा भडकली नाही, घटलीही नाही. तिचा काही भाग मध्यरात्रीच्या आसपासून सरकून पहाटेच्या तासांत गेला. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण पहाटे चारला गस्तीवर राहणाऱ्या पोलिसाला आणि रुग्णालयाच्या अपघात विभागात त्या पाळीला असलेल्या परिचारिकेला विचारावे. गर्दी पांगवण्याची मूळ कल्पना तितकी फोल नव्हती. ती पुरती उतरली नाही, कारण एका गल्लीतले सगळे मालक शेजाऱ्याकडे पाहून तीच वेळ मागतात.

सिडनीची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे आणि या विषयातले जवळजवळ सगळे प्रश्न तिच्यात एकत्र भेटतात. किंग्ज क्रॉस या रात्रजीवनासाठी प्रसिद्ध असलेल्या भागात जुलै २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१३ च्या अखेरीस अशा दोन तरुणांवर कारण नसताना एका ठोशात जीवघेणा हल्ला झाला. दोघेही दगावले आणि जनमत पेटले. न्यू साउथ वेल्स सरकारने फेब्रुवारी २०१४ पासून किंग्ज क्रॉस आणि शहराच्या मध्यवर्ती भागात दीड वाजता लॉकआऊट आणि ३ वाजता शेवटचा पेला असा नियम केला, आणि राज्यभर बाटलीबंद दारूची दुकाने रात्री १० ला बंद करायला लावली. राज्याच्या गुन्हे सांख्यिकी संस्थेने २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार घरगुती हिंसा वगळता इतर हल्ले किंग्ज क्रॉसमध्ये ४९ टक्क्यांनी आणि मध्यवर्ती भागात १३ टक्क्यांनी घटले. त्याच वेळी हद्दीला लागून असलेल्या भागांत ते १२ टक्क्यांनी, तर सहज पोहोचता येईल अशा थोड्या दूरच्या भागांत १७ टक्क्यांनी वाढले. वाढ घटीपेक्षा कमीच होती, म्हणून शहराच्या पदरात निव्वळ फायदा पडला. पण ज्या गल्लीत नव्याने हाणामाऱ्या सुरू झाल्या तिथल्या रहिवाशाला निव्वळ फायद्याचे गणित कोण समजावणार?

त्यातही हद्द कुठून आखली हा प्रश्न होताच. शहरातला मोठा कॅसिनो या हद्दीबाहेर राहिला, तेव्हा लहान संगीतगृहाच्या मालकाला दीडनंतर दार लावावे लागे आणि थोड्याच अंतरावर पहाटेपर्यंत लोक आतबाहेर करू शकत. याने जेवढा राग ओढवून घेतला तेवढा मूळ निर्बंधाने कदाचित घेतला नसता. किंग्ज क्रॉसमधल्या कितीतरी जागा बंद पडल्या, हजारो लोक मोर्चे घेऊन रस्त्यावर आले. २०१६ मध्ये एका निवृत्त न्यायमूर्तींच्या चौकशीनंतर थेट संगीत असलेल्या जागांना अर्ध्या तासाची सूट मिळाली, जानेवारी २०२० मध्ये मध्यवर्ती भागातला लॉकआऊट उठला आणि मार्च २०२१ मध्ये किंग्ज क्रॉसमधलाही. हल्ले घटले होते हे खरे आणि एका भागाचे रात्रजीवन विझले हेही खरे. माणसेच येईनाशी झाली तर मारामारी कमी होणारच, असे टीकाकार म्हणत. त्यावर ‘मग तेच हवे होते’ असे डॉक्टर उत्तर देत. या दोघांमधला वाद आकडेवारीने सुटणारा नाही, कारण ते दोन वेगळ्या वस्तूंची किंमत करत असतात.

मारामारीपेक्षा रोजची आणि चिवट तक्रार आवाजाची असते. इथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. साध्या बोलण्याचा आवाज एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल असतो. डेसिबलच्या मोजणीत बोलणाऱ्यांची संख्या दहापट झाली की १० डेसिबल वाढतात, म्हणजे १०० माणसे एकाच वेळी बोलत असतील तर २० वाढले. आणि अंतर एक मीटरवरून दहा मीटर झाले की साधारण २० घटतात. तेव्हा दारासमोर उभ्या असलेल्या त्या शंभर माणसांचा आवाज दहा मीटरवरच्या खिडकीशी पुन्हा ६० च्या घरात येतो. खिडकी किंचित उघडी असेल तर ती फार तर १५ डेसिबल अडवते. आत उरतात ४५. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपण्याच्या खोलीसाठी सुचवलेली सरासरी मर्यादा आहे ३०. आणि या हिशेबात कुणीही ओरडलेले नाही, मोटारीचे दार आपटलेले नाही. क्लबच्या भिंतींना कितीही ध्वनिरोधक थर लावले तरी हा आवाज त्यांच्या बाहेरचाच असतो, म्हणून परवाना देणारे अधिकारी हल्ली ‘दारासमोरची गर्दी कशी हलवणार’ याचा लेखी आराखडा मागतात.

पण आधी कोण आले, क्लब की घर, हाही प्रश्न आहे. वीस वर्षे चाललेल्या संगीतगृहाशेजारी नवी निवासी इमारत उभी राहते, नवे रहिवासी तक्रार करतात आणि जुन्या जागेचा परवाना धोक्यात येतो, असे अनेक शहरांत घडले. यावर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये एक तत्त्व नियोजनाच्या नियमांत आणले: परिसरात जो बदल घडवतो, त्याने आवाजाचा बंदोबस्त आपल्या खर्चाने करावा. इमारत नवी असेल तर जाड काचा बिल्डर बसवेल; क्लब नवा असेल तर भिंती क्लबवाला जाड करेल. इंग्लंडनेही २०१८ मध्ये हे तत्त्व आपल्या राष्ट्रीय नियोजन धोरणात घेतले. माझ्या मते या सगळ्या विषयात अलीकडच्या काळात सापडलेला हा सर्वांत शहाणा नियम आहे, कारण तो घड्याळाला हातच लावत नाही.

घरी परतण्याची सोय हा याच गोष्टीचा दुसरा भाग. शेवटची गाडी साडेबाराला आणि पहिली पहाटे पाचला असेल, तर तीनला दार बंद करणे म्हणजे माणसांना दोन तास रस्त्यावर उभे करणे होय. लंडनने ऑगस्ट २०१६ मध्ये आठवड्याच्या शेवटच्या दोन रात्री भुयारी रेल्वेच्या काही मार्गांवर रात्रभर गाड्या सुरू केल्या. मेलबर्नने त्याच वर्षाच्या आरंभी उपनगरी गाड्या आणि ट्रामच्या बाबतीत तेच केले. या गाड्यांची गरज गिऱ्हाइकांइतकीच काउंटर पुसून, पेले धुऊन, हिशेब जुळवून तासाभराने निघणाऱ्या कर्मचाऱ्यांना असते, आणि त्यांची आठवण धोरणाच्या चर्चेत फारशी कुणाला होत नाही.

काही शहरांनी हे सगळे धागे एका माणसाच्या हाती देऊन पाहिले. ॲमस्टरडॅममध्ये ‘रात्रीचा महापौर’ हे पद आहे. त्याला कायदेशीर अधिकार नाहीत, पण क्लबमालक, रहिवासी आणि नगरपालिका यांना एका टेबलाशी बसवण्याचे काम तो करतो. त्या शहराने २०१३ पासून मध्यवस्तीबाहेरच्या मोजक्या जागांना चोवीस तासांचे परवाने दिले, म्हणजे दार कधी लावायचे ते त्या जागाच ठरवतात आणि पाहुणे एकदम न निघता थोडेथोडे निघतात. बर्लिनने तर मर्यादा फार पूर्वीच सोडली. १९४९ मध्ये विभागलेल्या त्या शहराचे पूर्व आणि पश्चिम भाग गिऱ्हाइके ओढण्यासाठी आपापली वेळ वाढवत चालले होते, तेव्हा हाइन्झ झेलरमायर या हॉटेलवाल्याने अमेरिकी लष्करी प्रमुख फ्रँक हाउली यांना वेळेची मर्यादाच काढून टाकायला राजी केले. सोबत व्हिस्कीची बाटली होती, असे सांगतात. बव्हेरिया राज्यात २००५ पासून बंदी उरली आहे ती पहाटे ५ ते ६ या एका तासाची, आणि तिला लोक झाडलोटीचा तास म्हणतात.

जपानने वेगळीच वाट धरली होती. तिथे १९४८ च्या कायद्याने रात्री उशिरा नाचण्यावरच बंदी होती, दारूवर नव्हती, त्यामुळे मध्यरात्रीनंतर क्लबांमध्ये ‘नाचू नये’ अशा पाट्या लागत. २०१५ मध्ये तो कायदा बदलला आणि जून २०१६ पासून रात्रभर नाचायला परवानगी मिळाली, मात्र आतला उजेड १० लक्सपेक्षा जास्त हवा, या अटीवर. आता निरीक्षक घड्याळाऐवजी प्रकाशमापक घेऊन येतो.

या चार घड्याळांचा फरक एका सरकारला अगदी थोड्या अवधीत कसा उमगला, याचा दाखला अलीकडचाच आहे. कोरोनाच्या साथीत २४ सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये सगळे पब आणि उपाहारगृहे रात्री १० ला बंद करण्याचा हुकूम निघाला. परिणाम पहिल्याच शनिवार-रविवारी दिसला: दहाच्या ठोक्याला शहरांतले चौक, बसथांबे आणि भुयारी रेल्वेचे डबे माणसांनी भरून गेले, म्हणजे ज्या दाटीपासून लोकांना वाचवायचे होते तीच दाटी रोज ठरलेल्या वेळी तयार होऊ लागली. त्यानंतरच्या टाळेबंदीतून बाहेर पडताना, २ डिसेंबरपासून, जिथे पब उघडायला परवानगी होती तिथे नियम बदलून आला होता: शेवटची ऑर्डर १० ला, आणि दार ११ ला.